जयपूर : बेघर झाल्यावर रैन बसेरा, त्याआधी मात्र कोणतेच दार नाही

जयपूर : भाडे थकल्यामुळे महिनाअखेरीस खोली सोडावी लागणार आहे, मुलेबाळे सोबत आहेत आणि शहरात दुसरा आधार नाही, अशी व्यक्ती जयपूर महापालिकेच्या कार्यालयात गेली तर तिच्यासाठी तेथे कोणता अर्ज आहे? जन्म-मृत्यूच्या नोंदीसाठी, विवाह नोंदणीसाठी, बांधकाम परवानगीसाठी, नगर विकास कर भरण्यासाठी स्वतंत्र खिडक्या आहेत. 'माझे घर जाणार आहे' असे सांगण्यासाठी मात्र खिडकी नाही. हीच व्यक्ती काही आठवड्यांनी पदपथावर झोपलेली आढळली, तर महापालिकेचे कर्मचारी तिला रैन बसेऱ्यात घेऊन जाऊ शकतात. तेथे गादी, पांघरूण, पाणी आणि शौचालय यांची सोय करणे हे महापालिकेचे काम मानले गेले आहे. बेघरपणाच्या प्रश्नातील सर्वांत मोठी पोकळी या दोन क्षणांच्या मधल्या काळात आहे. निवाऱ्यांच्या संख्येवर आजवर पुष्कळ चर्चा झाली, पण या पोकळीकडे फारसे कोणी पाहिले नाही.

रैन बसेरा हा शब्द मराठी वाचकांनाही हिंदीमुळे परिचित आहे. राजस्थानात तो केवळ रात्रनिवाऱ्यापुरता मर्यादित नसून थंडीतील प्रशासकीय कामकाजाचा एक भागच आहे. पारा खाली उतरू लागला की शहरात तात्पुरते मंडप उभे राहतात, शेकोट्यांसाठी लाकडे पुरवली जातात, अधिकारी रात्रीचे दौरे करतात, त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध होतात. थंडी ओसरली की मंडप निघतात. बेघरपणा हा जणू एक ऋतू आहे, अशी ही व्यवस्था आहे. वस्तुतः मे-जून महिन्यांत ४५ अंशांच्या आसपास जाणारे तापमान उघड्यावर राहणाऱ्या वृद्धांना आणि लहान मुलांना थंडीपेक्षा कमी घातक नसते.

कागदावरील रचना याहून पुष्कळ पुढे गेलेली आहे. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान सप्टेंबर २०१३ मध्ये सुरू झाले, पुढे त्याला दीनदयाळ अंत्योदय योजनेचे नाव मिळाले. त्यातील 'शहरी बेघरांसाठी निवारा' या घटकानुसार दर एक लाख शहरी लोकसंख्येमागे किमान एक कायमस्वरूपी निवारा हवा, तो वर्षभर आणि चोवीस तास खुला हवा, त्यात ५० ते १०० जणांची सोय हवी आणि प्रत्येकासाठी किमान ५० चौरस फूट जागा हवी. स्त्रियांसाठी, कुटुंबांसाठी, वृद्ध व मनोरुग्णांसाठी वेगळ्या निवाऱ्यांची अपेक्षा त्यात आहे. निवाऱ्यात आलेल्या व्यक्तीला ओळखपत्र, शिधापत्रिका, निवृत्तिवेतन, बँक खाते, कायदेशीर मदत मिळवून देण्याची जबाबदारीही त्याच मार्गदर्शक सूचनांत नमूद आहे. २०११ च्या जनगणनेत जयपूर शहराची लोकसंख्या ३० लाख ४६ हजार होती. त्या हिशेबाने त्याच वेळी शहरात किमान ३० कायमस्वरूपी निवाऱ्यांची गरज होती. त्यानंतर शहर चारही दिशांना पसरले आहे, निकषाचा आधार मात्र अजूनही तोच जुना आकडा आहे.

या निकषांमागचा इतिहास जयपूरशीच जोडलेला आहे. २००१ मध्ये राजस्थानातील अनेक भागांत दुष्काळ आणि भूकबळींच्या बातम्या येत असताना जयपूरजवळच्या भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामांत धान्य सडत होते. त्या विसंगतीवर बोट ठेवून पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजच्या राजस्थान शाखेने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. अन्नाच्या हक्काचा खटला म्हणून ती देशभर गाजली. शाळेतील मध्यान्ह भोजन हा कायदेशीर हक्क ठरण्याची वाट तिथूनच निघाली. डिसेंबर २००९ मध्ये दिल्लीत कडाक्याच्या थंडीत एक रात्रनिवारा पाडण्यात आला, तेव्हा याच खटल्यात तो प्रश्न न्यायालयापुढे आला. उपाशी माणूस उघड्यावर झोपला तर त्याला जगण्यासाठी अधिक अन्न लागते आणि ते मिळाले नाही तर तो मरतो, हा युक्तिवाद न्यायालयाने गांभीर्याने घेतला. लाखामागे एक निवारा हे सूत्र त्या आदेशांतून पुढे आले आणि दिल्लीपुरते न राहता इतर राज्यांनाही लागू झाले. म्हणजे बेघरांचा निवाऱ्याचा हक्क भारतात महापालिकेच्या कायद्यातून आलेला नाही. तो भुकेच्या खटल्यातून, मागच्या दाराने आला आहे.

त्याचे परिणाम आजही दिसतात. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांकडे सोपवण्यासाठी १८ विषय आहेत. त्यांत दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण, झोपडपट्टी सुधारणा आणि नागरी दारिद्र्य निर्मूलन आहे. 'बेघर' हा शब्द नाही. त्यामुळे निवारागृह हे रस्ता, गटार किंवा दिवाबत्तीप्रमाणे महापालिकेचे अंगभूत कर्तव्य न ठरता केंद्राच्या एका योजनेचा घटक ठरते. योजना असते तोवर पैसा असतो. बांधकामाचा मोठा वाटा केंद्राकडून येतो, चालवण्याच्या खर्चालाही पाच वर्षांपर्यंत मदत मिळते, त्यानंतर भार स्थानिक संस्थेवर पडतो. ज्या महापालिकेची बहुतेक मिळकत पगार आणि सफाईवर खर्च होते, तिच्या अंदाजपत्रकात या वास्तूंचे स्थान शेवटच्या काही ओळींत असते.

शहराला बेघर करणाऱ्या वाटा अनेक आहेत आणि प्रत्येक वाटेवर वेगळे कार्यालय आहे. भाडेकरूला घरमालक बाहेर काढू पाहत असेल तर राजस्थान भाडे नियंत्रण कायदा, २००१ नुसार भाडे न्यायाधिकरणाकडे जावे लागते. बळजबरीने बाहेर काढलेल्या भाडेकरूला ताबा परत मागण्याची तरतूद त्यात आहे. मात्र जयपूरच्या परकोट्यात, म्हणजे तटबंदीच्या आतील जुन्या शहरात, किंवा कारखान्यांलगतच्या वस्त्यांत एका खोलीत पाच-सहा जण राहणाऱ्या मजुरांकडे लेखी करार क्वचितच असतो. भाड्याची पावती तर त्याहून दुर्मीळ. मुलांनी घराबाहेर काढलेल्या आई-वडिलांसाठी २००७ चा ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा आहे, त्यासाठी उपविभागीय अधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणाचे दार ठोठावावे लागते. सासरहून हाकललेल्या स्त्रीला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने सामाईक घरात राहण्याचा हक्क दिला आहे, पण तो दंडाधिकाऱ्यांकडून मिळवावा लागतो. वस्तीवर बुलडोझर येणार असेल तर नोटीस कधी महापालिकेची असते, कधी जयपूर विकास प्राधिकरणाची. प्राधिकरणाच्या आदेशाविरुद्ध त्याचे वेगळे न्यायाधिकरण आहे.

यातील प्रत्येक कायदा आपल्या जागी उपयुक्त आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि अल्प उत्पन्न गटातील व्यक्तींना वकील विनामूल्य मिळू शकतो, त्यासाठी १५१०० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. वृद्धांसाठी १४५६७ हा क्रमांक आहे. राज्य सरकारच्या 'राजस्थान संपर्क' यंत्रणेत १८१ क्रमांकावर महापालिकेविरुद्धही तक्रार नोंदवता येते आणि निवाऱ्यात प्रवेश नाकारला गेल्यास हा मार्ग वापरता येतो. परंतु घर जाण्याच्या बेतात असलेल्या माणसाने आपली अडचण नेमक्या कोणत्या कायद्यात बसते हे आधी ओळखावे आणि मग योग्य त्या कार्यालयात जावे, अशी अपेक्षा ही व्यवस्था बाळगते. सुशिक्षित मध्यमवर्गीयालाही हे सहज जमणारे नाही. हे सर्व धागे एकत्र आणून तिला मार्ग दाखवणारी यंत्रणा प्रभाग पातळीवर, म्हणजे महापालिकेकडेच असू शकते. ती आज नाही.

इंग्लंडमध्ये हे काम कायद्यानेच स्थानिक कौन्सिलवर टाकलेले आहे. १९७७ च्या कायद्याने बेघर व्यक्तींबाबतची जबाबदारी प्रथम कौन्सिलवर आली. २०१७ च्या बेघरपणा न्यूनीकरण कायद्याने ती आणखी अलीकडे ओढली. पुढील ५६ दिवसांत घर जाण्याची शक्यता असलेली व्यक्तीही मदतीस पात्र ठरते. कौन्सिलने तिच्या परिस्थितीची तपासणी करून लेखी योजना द्यायची, घरमालकाशी बोलणी, थकीत भाड्याचा तोडगा, पर्यायी जागेचा शोध यांसाठी प्रयत्न करायचे. ही व्यवस्था आदर्श आहे असे मानण्याचे कारण नाही. त्याच इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक कुटुंबे तात्पुरत्या निवासात दिवस काढत आहेत आणि तो खर्च पेलताना अनेक कौन्सिले मेटाकुटीस आली आहेत. पुरेशी घरेच नसतील तर कायदा रांग लावून देतो, घर देत नाही. तरीही त्या कायद्यातील एक कल्पना भारतीय शहरांना घेण्यासारखी आहे. मदतीचा क्षण पदपथावर न ठरवता त्याच्या दोन महिने आधी ठरवणे, ही ती कल्पना. त्यासाठी फार मोठा पैसा लागत नाही. एक टेबल, एक जाणकार कर्मचारी आणि विधी सेवा प्राधिकरणाशी जोडलेली नोंदवही एवढ्यावर सुरुवात होऊ शकते.

भारतात बेदखलीपूर्वीच्या संरक्षणाचा विचार प्रामुख्याने पाडकामाच्या संदर्भात झाला आहे. १९८५ मध्ये मुंबईच्या पदपथवासीयांच्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. मात्र नोटीस देऊन हटवण्याचा महापालिकेचा अधिकारही कायम ठेवला. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने बुलडोझर कारवायांबाबत देशभर लागू होणारे निर्देश दिले. त्या याचिकांत राजस्थानातील उदयपूरचे एक प्रकरणही होते. किमान १५ दिवसांची पूर्वसूचना, म्हणणे मांडण्याची संधी, कारणांसह आदेश आणि त्यानंतरही १५ दिवसांचा अवधी, असे हे निर्देश आहेत. रात्रीतून स्त्रिया, मुले आणि वृद्ध रस्त्यावर ओढले जाणे हे सुखद दृश्य नाही, अशा आशयाची टिप्पणीही न्यायालयाने केली. पण रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदीपात्र अशा सार्वजनिक ठिकाणच्या अनधिकृत बांधकामांना हे निर्देश लागू नाहीत. ज्यांच्याकडे सर्वांत कमी आहे ते बहुधा याच जागांवर राहतात. चार भिंती असलेल्याला पंधरा दिवस मिळतात, ताडपत्रीखाली राहणाऱ्याला त्या निर्देशांचा आधार मिळत नाही.

ताडपत्रीखाली राहणाऱ्यांत जयपूरमध्ये हटकून दिसतो तो गाडिया लोहार समाज. चित्तोड परत मिळेपर्यंत स्थिर घर करायचे नाही, या महाराणा प्रतापांच्या काळातील प्रतिज्ञेशी हा समाज स्वतःचे नाते सांगतो. १९५५ मध्ये पंडित नेहरूंच्या उपस्थितीत त्यांना चित्तोडगडावर समारंभपूर्वक नेण्यात आले आणि त्या प्रतिज्ञेची सांगता झाल्याचे मानले गेले. समारंभ झाला, घरे मात्र फार थोड्यांना मिळाली. महाराष्ट्रातील घिसाडी समाजाची स्थिती ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चित्र अनोळखी वाटणार नाही. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर हा वाक्प्रचार अशा समाजांच्या बाबतीत शब्दशः खरा ठरतो. राजस्थानात त्यांच्यासाठी घरबांधणी अनुदान आहे, महाराष्ट्रात भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आहे. दोन्हीकडे अडचण सारखीच : अनुदान मिळण्यासाठी आधी जमीन हवी आणि जमीन हीच तर नाही. रैन बसेरा या कुटुंबांच्या उपयोगाचा नाही. ऐरण, भाता, गाडा, शेळ्या आणि म्हातारी माणसे घेऊन शंभर खाटांच्या दालनात कोणी राहू शकत नाही.

दुसरा गट सवाई मानसिंह रुग्णालयाच्या परिसरात दिसतो. राज्याच्या कानाकोपऱ्यातून आणि शेजारच्या राज्यांतूनही येथे उपचारांसाठी रुग्ण येतात. रुग्णाला खाट मिळते, सोबतच्या नातेवाइकाला जिना, बाग किंवा पदपथ. जनगणनेच्या अर्थाने हे लोक बेघर नाहीत, त्यांचे गावी घर आहे. पण महिनाभराच्या उपचारांत गावची शेती गहाण पडली तर परतताना ते घर राहतेच असे नाही. तिसरा गट मजुरांचा. मुंबई-पुण्यात ज्याला मजूर नाका म्हणतात त्याला जयपूरमध्ये चोखटी म्हणतात. सकाळी काम न मिळालेल्यांपैकी अनेकांना रात्रीचे भाडे परवडत नाही. त्यांच्यासाठी निवारा चोखटीपासून चालत जाण्याच्या अंतरावर असणे हे गादीच्या जाडीपेक्षा महत्त्वाचे असते. लांबवर बांधलेल्या प्रशस्त निवाऱ्यात खाटा रिकाम्या राहतात आणि पुलाखाली गर्दी असते, तेव्हा 'लोकच येत नाहीत' असा खुलासा केला जातो. तो खुलासा अर्धाच खरा आहे.

अन्नाच्या बाबतीत राजस्थानने यापेक्षा बरी वाट काढली आहे. ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झालेल्या इंदिरा रसोईत आठ रुपयांत जेवण मिळू लागले. सत्तांतरानंतर जानेवारी २०२४ मध्ये तिचे नाव श्री अन्नपूर्णा रसोई झाले, ताटातील अन्नाचे प्रमाण वाढवण्यात आले, ग्राहकाकडून घेतले जाणारे आठ रुपये तेच राहिले. नाव बदलले तरी ताट टिकले, ही भारतीय राजकारणात दुर्मीळ गोष्ट म्हटली पाहिजे. आठ रुपये आणि भूक एवढीच तेथील पात्रता आहे.

याउलट राज्याच्या बहुतेक अन्य लाभांसाठी जन आधार लागते. २०१९ च्या अखेरीस सुरू झालेले हे कार्ड कुटुंबाला दिले जाते. शहरी रोजगार हमी, निवृत्तिवेतन, आरोग्य विमा यांची वाट त्यातून जाते. २०२३ मध्ये राजस्थान विधानसभेने किमान उत्पन्न हमीचा कायदा संमत केला, त्यात शहरी कुटुंबांना वर्षाकाठी १२५ दिवसांच्या कामाचा शब्द होता. देशात गाजलेला तो कायदा पदपथावरच्या माणसापर्यंत पोहोचण्यासाठी आधी त्याचे 'कुटुंब' आणि 'पत्ता' सिद्ध व्हावा लागतो. बिहार, उत्तर प्रदेश किंवा मध्य प्रदेशातून आलेल्या एकट्या मजुराकडे यातले काहीच नसते. मतदार यादीचा नियम या बाबतीत अधिक शहाणा आहे. बेघर व्यक्तीने नाव नोंदवण्यासाठी अर्ज केला तर मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री त्या जागी जाऊन ती खरोखर तेथे झोपते का हे पाहायचे असते. पत्त्याचा पुरावा मागायचा नसतो. मतासाठी जे चालते ते निवृत्तिवेतनासाठी का चालू नये, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर कोणत्याही विभागाकडे नाही.

एका बाबतीत मात्र राजस्थानचा कायदा महाराष्ट्रापेक्षा उदार आहे. महाराष्ट्रात १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंध कायदा भीक मागणे हा गुन्हा मानतो. दिल्लीत लागू असलेल्या त्याच कायद्यातील शिक्षेच्या तरतुदी दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरवल्या. राजस्थानने २०१२ मध्ये केलेल्या कायद्याच्या नावातच भिकारी व निर्धन व्यक्तींचे 'पुनर्वसन' आहे. कायद्याचा सूर बदलला म्हणून पदपथावरून उठवण्याची पद्धत बदलतेच असे नाही, पण निदान निवाऱ्यात जाणाऱ्याला आपण कोठडीत तर जात नाही ना, अशी भीती बाळगण्याचे कारण उरत नाही.

गेल्या काही वर्षांत महापालिकेचे स्वरूपही दोनदा बदलले. २०१९ मध्ये जयपूरसाठी हेरिटेज आणि ग्रेटर अशा दोन महापालिका करण्याचा निर्णय झाला. २०२० मध्ये हेरिटेजच्या १०० आणि ग्रेटरच्या १५० प्रभागांत निवडणुका झाल्या. २०२५ मध्ये दोन्ही पुन्हा एक करण्याचा निर्णय झाला आणि नोव्हेंबरमध्ये मुदत संपल्यावर कारभार प्रशासकांकडे गेला. विभाजनाच्या काळात एका बाजूचा पदपथ एका महापालिकेकडे आणि समोरचा दुसरीकडे, अशी स्थिती सीमेवरच्या रस्त्यांवर होती. एकीकरणाने ती अडचण दूर होते. पण एकत्रित शहरात प्रभागांची संख्या १५० वर येत असल्याने प्रत्येक नगरसेवकाच्या वाट्याला पूर्वीपेक्षा अधिक लोक येतील. ज्या कामासाठी खिडकी नाही ते काम आजवर नगरसेवकाच्या ओळखीने, त्याच्या चिठ्ठीने होत आले आहे. बेघर व्यक्ती बहुधा त्याची मतदार नसते, त्यामुळे ही वाट तिला पूर्वीही अरुंदच होती.

पैशाचा प्रश्न दिल्लीत अडकला आहे. नागरी उपजीविका अभियानाची मुदत सप्टेंबर २०२४ मध्ये संपली. फेब्रुवारी २०२५ मध्ये शहरी बेघरांच्या निवाऱ्याबाबतच्या सुनावणीत, नागरी दारिद्र्य निर्मूलनाचे नवे अभियान अंतिम टप्प्यात असून त्यात निवाऱ्याचाही समावेश असेल, असे ॲटर्नी जनरल यांनी सर्वोच्च न्यायालयाला सांगितले. त्याच सुनावणीत खंडपीठाने मोफत योजनांवर कडक शब्दांत नाराजी व्यक्त केली आणि चर्चा निवाऱ्यांकडून फुकटेपणाकडे वळली. वास्तविक निवाऱ्यात झोपणाऱ्यांतील मोठा वर्ग कष्टकऱ्यांचा असतो. ते शहराची बांधकामे करतात, हॉटेलांत भांडी घासतात, लग्नसराईत दिव्यांच्या माळा डोक्यावर घेऊन वरातीपुढे चालतात.

बेघरांची मोजणी हा या सगळ्याचा पाया आहे. २०११ मध्ये देशात १७ लाख ७३ हजार बेघर नोंदले गेले, त्यांपैकी ९ लाख ३८ हजार शहरांत होते. राजस्थानच्या शहरी भागातील आकडा ७३,२३६ आणि महाराष्ट्राचा १,११,३७३ होता. त्या वेळी ही गणना २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली. पुलाखाली, फलाटावर, धर्मस्थळाच्या ओट्यावर, सिमेंटच्या मोठ्या नळांत जो सापडला तो मोजला गेला, त्या रात्री कामावर असलेला रखवालदार किंवा पोलिसांना पाहून दूर गेलेला मुलगा निसटला. नव्या जनगणनेतील लोकसंख्या मोजणीचा टप्पा फेब्रुवारी २०२७ मध्ये असून १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली आहे. जयपूरमध्ये हिवाळ्यापुरते उभारलेले मंडप काढण्याचे दिवसही साधारण तेच असतात. त्या वर्षी ते मंडप आणखी काही आठवडे ठेवले आणि गणनेच्या रात्री निवाऱ्यांचे कर्मचारी प्रगणकांबरोबर फिरले, तर पुढील दशकासाठी शहराला किती निवारे हवेत याचा आकडा तरी विश्वासार्ह मिळेल. हा निर्णय घेण्यासाठी दिल्लीच्या नव्या अभियानाची वाट पाहण्याची गरज नाही. तो महापालिकेच्या आयुक्तांच्या अखत्यारीत आहे.